पाहुण्या बाई

शाळेत पाहुणे येणार म्हटलं की काय काय होतं, हे जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षं काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आदल्या दिवशी वर्ग झाडून-पुसून लख्ख होतो, फळ्यावर रंगीत खडूनं सुविचार उमटतो, हुशार पोरं पहिल्या ओळीत येतात आणि ज्याला वाचता येत नाही तो नेमका त्याच वेळी हंडा घेऊन पाणी भरायला जातो. साहेब येतात, पहिल्या ओळीतल्या एकाला राज्याची राजधानी विचारतात, शेरेबुकात ‘समाधानकारक’ लिहितात आणि पोहे खाऊन जातात. वह्यावाटपाचे पाहुणे असतील तर पोहे कमी, फोटो जास्त. माझी सगळी नोकरी नगर जिल्ह्यात झाली, त्यातली बरीचशी अकोले तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर. असले पाहुणे मी पुष्कळ पाहिले आणि मनातल्या मनात त्यांना नावंही पुष्कळ ठेवली.

निवृत्त झाल्यावर आमच्या मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, नेपाळमधल्या एका खेड्यातल्या मुलांना शिकवायला पथक पाठवायचं ठरवलं. ‘शिकवण्याचा अनुभव असलेलं कोणीतरी बरोबर हवं’ म्हणून पंच कमिटीत माझं नाव पुढे आलं. घरी आल्यावर मी मुलीला म्हटलं, ‘बघ, आता साहेब मी.’

नगरच्या ख्रिस्ती माणसाला मिशन ही काही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या पणजीला अक्षर आलं ते अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत. सिंथिया फरार नावाची बाई १८२७ साली मुंबईत उतरली, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवू लागली आणि १८६२ साली नगरलाच वारली. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचं शिक्षण तिच्याकडे घेतलं, असं चरित्रकार सांगतात. लहानपणी रविवारच्या शाळेत हे नाव आम्ही इतक्यांदा ऐकलं की ती आमची कोणी लांबची आत्या असावी असं वाटायचं. या बाईनं इथे आयुष्य काढलं आणि आम्ही निघालो होतो मे महिन्याच्या सुट्टीत, परतीचं आरक्षण खिशात घालून. हे माझ्या डोक्यातून शेवटपर्यंत गेलं नाही.

पथक मंडळीच्या तरुण संघाचं. एक नर्स, दोन कॉलेजातल्या मुली, एक बँकेतला, गिटार वाजवणारे दोघे, संघाचा अध्यक्ष आणि मी. तयारी म्हणजे कृतिगीतं, बायबलमधल्या गोष्टींचे मुखवटे, फुगे, आणि पाठीवर मंडळीचं नाव छापलेले टी-शर्ट. टी-शर्ट शेवटी घरीच राहिले, कारण तिकडच्या पास्टरांचा फोन आला: नाव नको, फलक नको, आणि मुलांचे प्रार्थना करतानाचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत. पोरं जरा हिरमुसली. मला मात्र तिथूनच त्या माणसाबद्दल आदर वाटायला लागला.

मनमाडला गोरखपूरची गाडी पकडली. गोरखपूरहून जीपनं सोनौलीची सीमा. त्याच्या जरा अलीकडे नौतनवा लागतं, धुळीनं भरलेलं, दोन्ही बाजूंनी दुकानं, ट्रकांची रांग. या गावात लिली ओ’हॅनलन नावाची ब्रिटिश डॉक्टर आणि हिल्डा स्टील या दोघींनी दवाखाना टाकून वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. राणांच्या अमलात नेपाळ बाहेरच्यांना बंद होता. दारापर्यंत येणाऱ्या नेपाळी रुग्णांना औषध द्यायचं, त्यांच्याकडून भाषा शिकायची आणि थांबायचं. राणांची सत्ता गेली आणि १९५२ साली परवानगी मिळाली, तेव्हा त्या नेपाळी ख्रिस्ती सोबत्यांबरोबर डोंगर चढून पोखऱ्याला गेल्या. आम्ही सीमा ओलांडली ती चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात. व्हिसा नाही, काही नाही. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं, कंबरेच्या पिशवीतल्या शंभराच्या नोटा मोजल्या (त्याहून मोठ्या नोटा तेव्हा तिथे चालत नव्हत्या), शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी झाले आणि बँकेतला मुलगा उगाच श्रीमंत झाल्यासारखा हसला.

बुटवलपासून रस्ता डोंगरात शिरतो. आम्हाला जायचं होतं पाल्पा जिल्ह्यात, तानसेनच्या पुढे. तानसेनचं नाव मिशनच्या इतिहासात येतं ते तिथल्या रुग्णालयामुळे. १९५४ साली स्थापन झालेल्या युनायटेड मिशन टु नेपाळनं ते उभारलं, आणि नेपाळ सरकारशी करार करताना धर्मप्रसार करणार नाही ही अट मान्य केली होती. बाहेरच्यांनी दवाखाने आणि शाळा काढल्या. मंडळ्या वाढवल्या त्या नेपाळी माणसांनीच. नेपाळी बायबल १९१४ साली पूर्ण झालं, तेही दार्जिलिंगच्या गंगाप्रसाद प्रधान यांच्या हातून. त्यामुळे ‘आम्ही नेपाळला सुवार्ता न्यायला चाललोय’ असं गाडीत गिटारवाल्यानं म्हटलं, तेव्हा मी त्याला एवढंच म्हटलं की ती तिथे तुझ्या आजोबांच्या आधीच पोहोचलीय, तू काड्यांची पिशवी नीट धर.

काड्यांची पिशवी माझी. दशक-एकक शिकवायला आईस्क्रीमच्या काड्या आणि रबरं. नोकरीत फळ्याशिवाय जे एक साधन मला कधी दगा देत नव्हतं, ते हे.

पास्टरांनी आमचं स्वागत केलं ते ‘काय बाई, प्रवास नीट झाला ना?’ असं चक्क मराठीत. तरुणपणी त्यांनी पुण्यात एका हॉटेलात भांडी घासली होती, मग स्वयंपाकघरात बढती मिळाली होती. बाकी मराठी संपली की हिंदी. त्या खेड्यात घरटी एखादा पुरुष बाहेर असतो: कतार, मलेशिया, नाहीतर मुंबई-पुणे. मुलं आजी-आजोबांपाशी किंवा आईपाशी. दुसऱ्याच दिवशी एका मुलीनं मला विचारलं की तुमच्या घरापासून ‘पुना’ किती लांब. मी सांगितलं, बसनं तीन तास. तिचे वडील तिथे एका सोसायटीच्या फाटकावर असतात. मग तुम्ही त्यांना बघितलं असेल, असं ती म्हणाली, आणि सोसायटीचं नाव तिला पाठ होतं, इमारतींच्या अक्षरांसकट. मी नाही म्हटल्यावर तिला माझ्या सामान्यज्ञानाविषयी शंका आली असावी. कोथरूडला बहिणीकडे गेले की आता मी फाटकावरच्या दादांना आधी जिल्हा विचारते. पाल्पा, गुल्मी, अर्घाखाँची. त्यांना आश्चर्य वाटतं, आणि बहिणीला वाटतं मी वेळ घालवते.

आमच्या मेच्या सुट्टीत तिथल्या शाळा चालू असतात. त्यांचं वर्ष वैशाखात सुरू होतं, म्हणजे एप्रिलच्या मध्याला. रविवार ते शुक्रवार शाळा, दहा ते चार. त्यामुळे आमचा वर्ग सकाळी लवकर, शाळेच्या आधी, मंडळीच्या खालच्या खोलीत. हा वर्ग तिथे वर्षभर चालतो. चालवते मंडळीतलीच बारावी झालेली एक मुलगी, मुलं तिला दिदी म्हणतात. घरात मगर भाषा, शाळेत नेपाळी, पुस्तकात इंग्रजी, अशा तिहेरी कात्रीतली मुलं. त्यात मंडळीतली निम्मी, बाकीची गावातली. पास्टरांचा नियम असा की सकाळी फक्त अभ्यास. ना प्रार्थना, ना गीत. गोष्ट-गीत जे काय ते शनिवारी, उपासनेच्या वेळी, मंडळीतल्याच मुलांसाठी, आणि त्यांचे आई-बाप समोर बसलेले असताना.

यामागे नुसता सावधपणा नव्हता. कायदा आहेच: २०१५ च्या संविधानाच्या २६ व्या अनुच्छेदानुसार दुसऱ्याचं धर्मांतर घडवायला मनाई आहे आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड सांगितलाय. परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. पण पास्टर म्हणाले, ‘कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. शेजारच्या घरानं माझ्या भरवशावर मूल पाठवलंय, गणित शिकायला. गणितच शिकवायचं.’ आमच्याकडच्या किती मोठ्या संस्थांनी हे इतकं साधं ठेवलंय, असा प्रश्न मला तेव्हा पडला.

शिकवायला बसले तर पहिली गंमत फळ्यावरच झाली. लिपी देवनागरी. मुलांचं पुस्तक मी खाड्खाड् वाचायची, अर्थ अर्धा समजायचा. त्यांचा ‘च’ आपल्या चमच्यातल्या ‘च’सारखा, त्यामुळे उच्चार मला गोरखपूरच्या माणसापेक्षा बरा जमायचा. मी माझं गाव सांगताना ‘अकोळनेर’ लिहिलं, तर ‘ळ’ पाहून सगळा वर्ग पुढे सरकला. नेपाळीत हे अक्षर नाही. एका पोरानं ते पाटीवर दहा वेळा गिरवलं आणि दिवसभर प्रत्येक शब्दाला ‘ळ’ लावून बोलत फिरला.

गणित घेतलं तेव्हा मात्र मला घरी आल्यासारखं वाटलं. दिदीनं आकडे सांगायचे, मुलांनी लिहायचे. ‘उनन्तीस’ म्हणाली तर तिघांनी ३९ लिहिलं. नगर जिल्ह्यात ‘एकोणतीस’ म्हटलं की पोरं हेच लिहितात. कानावर तीस पडतं, हात तीनाकडे जातो. मराठीसारखंच नेपाळीतही नऊचं जवळजवळ प्रत्येक घर पुढच्या दशकाच्या नावानं ओळखलं जातं: उनन्चालीस, उनन्चास, उनन्साठी. मगर भाषेत स्वतःचे आकडे पाचापर्यंत, पुढचे नेपाळीचे, त्यामुळे घरातूनही या पोरांना फारशी मदत नाही. २०१९ साली आपल्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! विधानसभेपर्यंत विनोद झाले. विनोद करणाऱ्यांनी दुसरीच्या वर्गात एक तास बसायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

माझी पद्धत सोपी आहे. तीस काड्या आण म्हणायचं. मूल दहा-दहाचे तीन गठ्ठे आणतं. मग म्हणायचं, एक काडी मला परत दे. आता मूल अडतं, कारण सुटी काडी एकही नाही. गठ्ठा सोडावा लागतो. एक मुलगा, सातेक वर्षांचा, नाक सतत वाहतं, तिसरा गठ्ठा हातात घेऊन बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. रबर काढायची परवानगी आहे की नाही, हे त्याला कळेना. मी मान हलवली. त्यानं रबर काढून मनगटात घातलं, काड्या मांडीवर सांडल्या, एक उचलून मला दिली, उरलेल्या मोजल्या: नऊ. बाजूला दोन गठ्ठे. ‘उनन्तीस!’ असं ओरडला तो असा की जणू गावातल्या कोणाला तरी हाक मारतोय. मग त्यानं आपण होऊन ३९ वर रेघ मारली.

दिदी दारात उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी ती आली तर तिच्या ओच्यात अम्रिसोचे तुकडे. आपल्याकडे केरसुणीला शिंदीची पानं लागतात, तिकडे हे डोंगरउतारावरचं गवत. बोटभर लांबीचे तुकडे तिनं रात्री कापले होते आणि गठ्ठे बांधायलाही गवताचीच पात. माझी रबरं पिशवीतच राहिली. तिनं उनन्साठी घेतलं, उनन्सत्तरी घेतलं, मध्ये मगर भाषेत काहीतरी बोलली आणि सगळी पोरं खो खो हसली. काय म्हणाली ते मी विचारलं नाही. तिच्या वर्गात आपल्या भाषेत विनोद करायचा तिचा हक्क. त्या दिवसापासून मी मागे बसून तुकडे कापू लागले, आणि संध्याकाळी आम्ही दोघी अंगणात बसून पुढच्या तीन महिन्यांचं गणित आखू लागलो: वजाबाकी कधी, हातचा कधी, कोणाला मागे ठेवायचं. जिल्हा परिषदेत नवीन आलेल्या शिक्षिकेला मी जे दिलं असतं ते आणि तेवढंच.

आमच्या तरुणांचं काय? गिटारवाले मुलांचे लाडके झाले, ते होणारच. फुगे फुटले. नर्सनं खरूज आणि नखं बघितली, तिचं काम सगळ्यात उपयोगी. कॉलेजातल्या मुलींनी इंग्रजी वाचन घेतलं. त्यातल्या एकीला शिकवण्याचा हात आहे, दुसरीला नाही, आणि ते दोघींनाही कळलं. संघाचा अध्यक्ष पहिले दोन दिवस कार्यक्रम पत्रिकेप्रमाणे होत नाही म्हणून चिडचिडला, मग पास्टरांबरोबर मक्याच्या शेतात जायला लागला.

मध्ये एक प्रसंग आला. तानसेनच्या बाजारात भेटलेल्या एका गृहस्थानं आपल्या बालगृहात या, मुलांशी खेळा, म्हणून आग्रह केला. पोरं लगेच तयार. पास्टरांनी नाही म्हटलं, तेही फटकन. २०१५ च्या भूकंपानंतर काय झालं ते त्यांनी रात्री जेवताना सांगितलं. खेड्यातून शिक्षणाच्या आमिषानं मुलं नेली जात, आई-बाप जिवंत असताना कागदोपत्री अनाथ होत, आणि पाहुण्यांच्या भेटीवर आणि देणग्यांवर घर चाले. शेवटी पालकांशिवाय मुलाला जिल्ह्याबाहेर न्यायला सरकारला बंदी घालावी लागली. युनिसेफनंही परदेशी स्वयंसेवकांना अशा ठिकाणी जाऊ नका म्हणून बजावलं. ‘ते घर चांगलं असेलही,’ पास्टर म्हणाले, ‘पण तुम्ही दोन तास खेळून गेलात की तिथल्या मुलाला काय मिळतं? उद्या दुसरे येणार, परवा तिसरे.’ कॉलेजातली मुलगी रडवेली झाली. तिचा हेतू चांगला होता. हेतू चांगला नसलेलं माणूस मी कधी वह्यावाटपालाही पाहिलेलं नाही.

शनिवारी उपासना. नेपाळात सुट्टी शनिवारची, म्हणून मंडळ्याही शनिवारी भरतात. २०१५ चा मोठा धक्का बसला तो शनिवारीच, दुपारी बाराच्या सुमारास. शाळा रिकाम्या होत्या म्हणून हजारो मुलं वाचली, आणि कित्येक ठिकाणी लोक उपासनेत होते. आमच्या त्या शनिवारी चपला बाहेर, खाली सतरंज्या, बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. ‘जय मसीह’ म्हणून नमस्कार. गीतांच्या पुस्तकाचं नाव ‘ख्रीष्टीय भजन’, साथीला मादल. आमच्याकडे नारायण वामन टिळकांची भजनं टाळ-पेटीवर म्हणत वाढलेल्या माणसाला यात परकं काय वाटणार? आमच्या गिटारवाल्यांना मात्र वाटलं. त्यांना इंग्रजी गाणी येत होती. २०२१ च्या जनगणनेत नेपाळात ख्रिस्ती लोक पावणेदोन टक्के निघाले. त्या पावणेदोन टक्क्यांतले पन्नास-साठ जण त्या खोलीत घाम पुसत गात होते आणि आमचं पथक, प्रथमच, कोणालाही काहीही न शिकवता खाली बसलं होतं.

पैशाचं बोलणं मीच काढलं. आम्हा सगळ्यांचं भाडं, जेवणखाण, सामान यांची बेरीज मी गाडीतच मांडली होती. त्यात दिदीचं वर्षाचं मानधन सहज निघालं असतं. हे मी पास्टरांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, ‘बाई, तुम्ही आला नसता तर ते पैसे तुम्ही पाठवले असते का?’ मी विचार केला. नसते पाठवले. पंच कमिटीत ‘नेपाळमधल्या एका मुलीचा पगार’ असा विषय आला असता तर पुढच्या सभेवर गेला असता, आणि त्याच्या पुढच्या. माणूस जाऊन आला की विषय निघतो. म्हणजे आमचा प्रवास हा एका अर्थानं आमच्याच मंडळीला हलवायचा खर्च होता. महाग आहे, पण फुकट गेला असं म्हणवत नाही.

परत आल्यावर नेहमीचा प्रश्न आला: इथे मुलं नाहीत का शिकवायला? ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यांवर बघा. बरोबर आहे, मी बघते. संगमनेरच्या बाजूला एका साखरशाळेत जातेही. पण हा प्रश्न विचारणारे मला तिथे कधी भेटले नाहीत.

अहवाल मी लिहिला, आणि त्यात पुढच्या वर्षासाठी तीन मागण्या घातल्या. दिदीचं मानधन मंडळीनं दरमहा पाठवावं. पथक न पाठवता दोनच शिक्षक पाठवावेत, तेच ते, दरवर्षी. आणि तिकडच्या थंडीच्या सुट्टीत दिदीला नगरला बोलावून आमच्याकडच्या चांगल्या शाळांत महिनाभर बसवावं. पहिली मागणी कमिटीनं मान्य केली. तिसरीवर विचार चालू आहे, पाहुणचार कोणाकडे हा प्रश्न अडलाय. दुसरीवर भांडण झालं. तरुण संघ म्हणतो, दोन म्हाताऱ्या बाया नेपाळला जाणार आणि त्याला सेवा म्हणायचं, हा कुठला न्याय.

अध्यक्ष तर तावातावानं घरी आला. म्हणाला, ‘बाई, तुम्हाला तिथे काय करायचं ते जायच्या आधी ठाऊक होतं. आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. आणि आता कळलंय तर तुम्ही जाऊ देत नाही.’ यात तथ्य आहे. मी त्याला सांगितलं, नेपाळी शीक. फार नको, शंभरापर्यंत मोजता येऊ दे, मग कमिटीत तुझ्या बाजूनं मी बोलते. परवा उपासनेनंतर त्यानं मला जिन्यातच गाठलं आणि धडाधड म्हणायला सुरुवात केली. उनन्साठीपर्यंत बिनचूक आला. पुढे एकसष्ट की त्रेसष्ट यात घोटाळा झाला, आणि मागून उतरणाऱ्या लोकांनी आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं.